बेसिनातलं पाणी आणि धरून ठेवलेली जागा

प्रश्न : सर, मी पंधरा वर्षं डोंबिवलीहून सीएसएमटीला सकाळच्या फास्टने जाते. लेडीज डब्यात आमचा अकरा जणींचा ग्रुप आहे. वाढदिवस, डोहाळजेवणं, दसऱ्याला डब्याची पूजा, सगळं एकत्र. गेल्या वर्षी एकीने मुलाच्या अकरावीच्या पुस्तकातला प्रश्न गाडीत वाचून दाखवला आणि तेव्हापासून गणित-फिजिक्सवर वाद घालायचा आम्हाला नाद लागला. मी बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन होतं.

पहिला वाद फुग्याचा. धावत्या गाडीत गॅसचा फुगा दोरीने धरलाय, ब्रेक लागला, तर फुगा कुठे जाईल? मी म्हटलं, मागे. ग्रुपमधल्या एक बाई शाळेत शिकवतात, त्या म्हणाल्या, पुढे. सगळ्या मला हसल्या. दुसरा वाद : एकीला दोन मुलं, त्यातली एक मुलगी आहे, तर दुसरीही मुलगी असण्याची शक्यता किती? मी एक तृतीयांश म्हटलं, बाई निम्मी म्हणाल्या. मी वैतागून सगळ्यांसमोर बोलून गेले, 'शाळेत पोरांना असंच शिकवता का?' तिसरा वाद किरकोळ होता. बेसिनातलं पाणी गोल फिरत जातं ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे, हे मी व्हिडिओ दाखवून पटवून दिलं. ठाण्याला चढणारी एक नवी मुलगी म्हणत होती की तिच्या घरातल्या दोन बेसिनांत पाणी दोन बाजूंनी फिरतं. मी म्हटलं, 'बेसिन घासणं वेगळं आणि फिजिक्स वेगळं.' सगळ्या हसल्या, विषय संपला. ती हल्ली कानात इयरफोन घालून दाराशी उभी असते.

बाई कल्याणहून बसून येतात. पूर्वी त्या माझी जागा धरायच्या. आता पर्स उचलून दुसरीला देतात. मी बरोबर असून माफी मागायची का? की असले वादच सोडून द्यावेत?
— उभ्याने प्रवास करणारी, डोंबिवली


उभ्याने प्रवास करणाऱ्या ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं ते फिजिक्स शिकवण्यात हयात घालवलेल्या मास्तराने, दुसऱ्यांदा बोरिवली-चर्चगेट चौतीस वर्षं लोंबकळलेल्या प्रवाशाने. आपल्यासाठी कुणीतरी गाडीत जागा धरून ठेवणं म्हणजे काय, ते मुंबईबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सख्खा भाऊ वाटणीत सोडणार नाही तेवढं इथे एक परकी बाई रोज सकाळी पर्स ठेवून आपल्यासाठी सोडते. ती जागा गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे मला समजतं. तेव्हा चेष्टा करतोय असं समजू नका.

निकाल आधी सांगून टाकतो. फुग्याच्या बाबतीत तुम्ही बरोबर. मुलींच्या प्रश्नात तुम्ही बरोबर आणि बाईही बरोबर. बेसिनाच्या बाबतीत तुम्ही चूक, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. ज्या वादाला तुम्ही किरकोळ म्हणून चार ओळींत उरकलंत, तोच या पत्रातला मोठा वाद आहे. पण क्रमाने जाऊ.

ब्रेक लागला की आपण पुढे झुकतो, खांद्यावरची पिशवी पुढे जाते, कडीला धरलेला हात ताणला जातो. बाईंनी हाच नियम फुग्याला लावला. त्यात वावगं काही नाही. राहून गेलं ते इतकंच, की डब्यातली हवाही प्रवासीच आहे. ब्रेक लागला की तीही पुढे रेटते आणि पुढच्या अंगाला किंचित दाटते. हवा जड, फुग्यातला हेलियम हलका. भायखळ्याला उतरणाऱ्यांचा लोंढा दाराकडे निघाला की मधे सापडलेली काटकुळी मुलगी कशी मागे ढकलली जाते? फुग्याचं तेच होतं. तो मागे येतो, आणि गाडी सुटताना पुढे जातो.

आता एक विचारतो. त्या दिवशी अकरा जणींच्या डोळ्यांसमोर एकच फुगा होता का? दसऱ्याला तुम्ही डबा सजवता तेव्हा कडीला टांगता ते फुगे तोंडाने फुगवलेले असतात. तो फुगा आजूबाजूच्या हवेपेक्षा थोडा जडच असतो, आणि ब्रेक लागला की तो बाईंच्या म्हणण्याप्रमाणे पुढेच झुकतो. 'गॅसचा' हा एक शब्द गर्दीत कुणाच्या कानावरून गेला असेल, तर तुम्ही दोघी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होता. मी वर्गात हे शेकडो वेळा पाहिलं आहे. पोरं उत्तरावरून भांडत असतात, आणि फळ्यावरचा प्रश्न दोघांनी वेगवेगळा वाचलेला असतो.

बरं, खरा फुगा गाडीत नेऊन दाखवावा म्हटलं तरी फारसं साधणार नाही. गाडीचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंदाने कमी होतोय असं धरलं, तर दोरी उभ्या रेषेपासून सुमारे ६ अंशच कलेल. मीटरभर दोरीला दहाएक सेंटिमीटर. डोक्यावरचे पंखे आणि दारातला वारा फुग्याला त्याहून जास्त नाचवतील. शिवाय जत्रेतल्या फुग्यात हेलियमच असतो असं नाही, हायड्रोजनही असतो, आणि तो पेट घेतो. गर्दीच्या गाडीत ही जोखीम कशाला?

त्यापेक्षा पाण्याची बाटली घ्या. एक लिटरची, गुळगुळीत अंगाची. जवळजवळ काठोकाठ भरा, बोटाच्या पेराएवढा बुडबुडा राहू द्या आणि झाकण घट्ट लावा. ती मांडीवर अशी आडवी ठेवा की तोंड गाडीच्या दिशेला असेल. पाण्यातला बुडबुडा म्हणजेच हवेतला हेलियमचा फुगा. भोवतालचं जड, आतलं हलकं. ठाणं सोडताना बुडबुडा पुढे पळेल, घाटकोपर जवळ आलं की सरसर मागे येईल. पंख्याचा वारा त्याला शिवत नाही. फक्त ही बाटली तुमच्या मांडीवर ठेवू नका. तुम्हाला तशीही मांडी उरलेली नाही, तुम्ही उभ्या आहात. बाटली बाईंच्या हातात द्या. बुडबुडा त्यांनी स्वतः मागे जाताना पाहिला की तुम्हाला तोंड उघडायची गरजच उरणार नाही.

दुसरा प्रश्न बाटलीने सुटणारा नाही. तिथे कागद लागतो. एका डब्यात शंभर बायका आहेत आणि प्रत्येकीला दोन मुलं आहेत असं समजा. मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता सारखी धरू. मग साधारण २५ जणींना दोन्ही मुलगे, २५ जणींना दोन्ही मुली आणि ५० जणींना एक मुलगा, एक मुलगी. तुम्ही डब्याच्या मधोमध उभं राहून विचारलंत, 'निदान एक मुलगी असलेल्यांनी हात वर करा.' ७५ हात वर येतील. त्यातल्या २५ जणींना दोन्ही मुली. पंचाहत्तरात पंचवीस, म्हणजे एक तृतीयांश. तुमचं उत्तर.

आता दुसरा दिवस घ्या. सुट्टी आहे, प्रत्येक बाई दोनांपैकी कुठलंतरी एक मूल बरोबर घेऊन आली आहे, कुठलं ते नाणं उडवून ठरवलेलं. दोन्ही मुली असलेल्या पंचवीस जणींबरोबर मुलगीच दिसणार. दोन्ही मुलगे असलेल्यांबरोबर मुलगी दिसणारच नाही. एक-एक असलेल्या पन्नासांपैकी निम्म्या, म्हणजे २५ जणींबरोबर मुलगी दिसेल. एकूण ५० मुली दिसल्या, त्यातल्या २५ जणींच्या घरी दुसरीही मुलगीच. निम्मी शक्यता. बाईंचं उत्तर.

म्हणजे 'एक मुलगी आहे' हे आपल्याला कळलं कसं, यावर उत्तर ठरतं. विचारून कळलं तर एक, प्लॅटफॉर्मवर आईचं बोट धरलेली दिसली म्हणून कळलं तर दुसरं. तुम्ही सांगितलेल्या प्रश्नात हे कुठेच नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात हाच प्रश्न मुलग्यांबद्दल विचारला, एक तृतीयांश उत्तर दिलं आणि नंतर मान्य केलं की प्रश्नाची मांडणीच संदिग्ध होती. कोड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द जगभर प्रमाण मानला जायचा, तरी त्यांनी मान्य केलं.

आणि ज्यांना हा हिशेब अवघड जातो त्यांना हसू नका. द'आलांबेर हा अठराव्या शतकातला पहिल्या रांगेतला गणिती. फ्रेंच विश्वकोशातल्या १७५४ च्या नोंदीत त्याने एक साधा प्रश्न घेतला. नाणं दोनदा उडवायचं, निदान एकदा छापा पडण्याची शक्यता किती? तो म्हणाला, पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ तिथेच संपला. नाहीतर काटा आणि मग छापा. नाहीतर दोन्ही काटे. तीन प्रकार, त्यातले दोन अनुकूल, म्हणून दोन तृतीयांश. खरं उत्तर तीन चतुर्थांश आहे, कारण ते तीन प्रकार सारख्या वजनाचे नाहीत. पहिला प्रकार एकटा इतर दोघांएवढा आहे. एवढ्या मोठ्या माणसाचा पाय जिथे घसरला, तिथे दादरच्या पुलावर धक्के खात शाळेला जाणाऱ्या बाईंचा घसरला असता तरी काही बिघडलं नसतं. आणि त्यांचा तर घसरलेलाही नव्हता. 'शाळेत पोरांना असंच शिकवता का' हे तुम्ही बरोबर असलेल्या माणसाला ऐकवलंत, ताई.

यापुढे वाद सुरू व्हायच्या आधी एकीने मोठ्याने विचारायचं, 'धरलंय काय?' एवढी एक सवय ग्रुपला लावा. फुगा कुठला धरलाय, मुलगी कशी दिसली असं धरलंय, नाणं खरं धरलंय की खोटं. गणितात सगळा जीव 'धरलंय काय' यातच असतो. ते एकदा ठरलं की पुढे दोन शहाण्या माणसांनी एकाच उत्तराला यायलाच हवं. नाही आली तर कुणाचीतरी बेरीज चुकली आहे, आणि ती कागदावर सापडते. फिजिक्समध्ये त्यापुढे आणखी एक पायरी आहे. तिथे कागद जमला तरी शेवटचा शब्द बाटलीचा.

आणि बेसिनाचा. येऊ या तिकडे.

पृथ्वीच्या फिरण्याचा पाण्यावर, वाऱ्यावर परिणाम होतो हे सोळा आणे खरं आहे. त्याला कोरिओलिस परिणाम म्हणतात हेही तुम्ही शिकला आहात. पण किती परिणाम? हा 'किती' परीक्षेत कुणी विचारत नाही, म्हणून फर्स्ट क्लासवाल्यांनाही तो नडतो. पृथ्वी स्वतःभोवती दिवसाला एक फेरा घेते. मुंबई १९ अंश अक्षांशावर. इथे उभं राहून पाहिलं तर जमीन पायाखाली गरकन फिरते ती ध्रुवावरच्या मानाने एक तृतीयांशाहून थोड्या कमी वेगाने. मुंबईत फुकोचा लंबक, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे ज्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते असा लांब लंबक, टांगला तर त्याचं आंदोलन एक पूर्ण फेरा घ्यायला सुमारे ७३ तास घेईल. आता तुमचं बेसिन. ते रिकामं व्हायला दहा सेकंद लागतात असं धरा. तेवढ्या वेळात पृथ्वीने त्या पाण्याला दिलेला गरका म्हणजे एका फेऱ्याचा साधारण २६,००० वा भाग. तुम्ही नळ बंद करताना पाण्याला जो धक्का बसतो, बेसिनाचा एक काठ गवंड्याने जो चार दोरे खाली बसवलेला असतो, जाळीत अडकलेला केस, हात बाहेर काढताना उठलेली लाट, यातलं प्रत्येक त्याहून कितीतरी दांडगं आहे. पाणी त्यांचं ऐकतं. पृथ्वीचा आवाज त्या गलक्यात पोचतच नाही.

तो पोचवायचा तर काय करावं लागतं, हे अमेरिकेत बोस्टनजवळच्या एमआयटी या विद्यापीठातल्या अ‍ॅशर शपिरो यांनी १९६२ मध्ये करून दाखवलं. सहा फूट रुंदीची गोल, उथळ टाकी, सहा इंच पाणी, मधोमध बोटही जाणार नाही एवढंसं भोक. पाणी भरल्यावर वरून झाकून २४ तास तसंच ठेवलं, खोलीचं तापमानही बदलू दिलं नाही. मग बूच काढलं. पहिली बारा-पंधरा मिनिटं पाणी फिरतंय असं दिसलंसुद्धा नाही. तरंगणारी काडी हळूहळू घड्याळाच्या उलट फिरू लागली ती त्यानंतर. बोस्टन परिसराचा अक्षांश ४२, म्हणजे तिथे हा परिणाम मुंबईच्या दुप्पट, तरी एवढे सायास. पुढे १९६५ मध्ये सिडनीत तसाच प्रयोग झाला आणि तिथे पाणी घड्याळाच्या दिशेने फिरलं. तत्त्व खरंच आहे. तुमच्या बेसिनापर्यंत ते पोचत नाही, इतकंच.

कुठे पोचतं, ते आपण मुंबईकरांनी पाहिलं आहे. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि १७ मे २०२१ ला 'तौक्ते' मुंबईच्या बाजूने वर गेलं, तेव्हा उपग्रहाच्या चित्रात ढगांचा भोवरा घड्याळाच्या उलट फिरताना दिसत होता. शेकडो किलोमीटरचं बेसिन, आणि निचऱ्याला दहा सेकंद नव्हे तर कित्येक दिवस. तिथे पृथ्वीला बोलायला सवड मिळते. तुम्ही दाखवलेला व्हिडिओ बहुधा विषुववृत्तावरचा असणार : माणूस रेषेच्या अलीकडे चार पावलं जातो, पाणी एका बाजूने फिरतं, पलीकडे चार पावलं जातो, दुसऱ्या बाजूने. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो आणि चार पावलांवर शून्याला खेटूनच. ती पर्यटकांसाठीची हातचलाखी आहे. पाणी ओततानाच ते हव्या त्या बाजूला फिरवून देतात.

आता त्या दिवशी डब्यात कुणाकडे काय होतं ते बघा. तुमच्याकडे पदवी होती, व्हिडिओ होता आणि पंधरा वर्षांचा ग्रुप होता. त्या मुलीकडे दोन बेसिनं होती. एकाच घरात, एकाच अक्षांशावर, एकाच पृथ्वीवर, दोन बेसिनांत पाणी दोन बाजूंनी फिरतं. तुमचं म्हणणं पाडायला एवढं एकच निरीक्षण पुरेसं होतं, आणि ते त्या पोरीने स्वतः केलं होतं. दात घासताना पाण्याकडे बघत उभं राहून! माझ्या आख्ख्या नोकरीत आपणहून असं काही पाहून आलेले विद्यार्थी मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळाले. आणि तुम्ही तिला घासणीची आठवण करून दिलीत.

फार कडक बोलतोय असं वाटेल. पण हे माझ्याही हातून झालं आहे, म्हणून बोलतोय. मी बरीच वर्षं वर्गात सांगत असे की काच हा अतिशय संथ वाहणारा द्रव आहे, म्हणून जुन्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड झालेल्या असतात. एकदा पोरांना घेऊन फोर्टात गेलो होतो. तिथल्या एका जुन्या इमारतीसमोर हेच भाषण ठोकलं. एका मुलीने जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, 'सर, ही वरच्या बाजूला जाड आहे.' मी म्हटलं, 'अपवाद असतात,' आणि पुढे चाललो. अपवाद कसला! जुन्या पद्धतीने बनवलेली काच मुळातच कमी-जास्त जाडीची निघे. बसवणारा बहुतेक वेळा जाड कड खाली घेई, कधी नाही घेई. नेहमीच्या तापमानाला काच वाहून डोळ्यांना दिसेल इतका फरक पडायला विश्वाचं वयही पुरणार नाही. हे मला कळलं तोवर ती मुलगी पास होऊन गेली होती. उरलेल्या वर्षभरात तिने वर्गात पुन्हा हात वर केल्याचं मला आठवत नाही. तुमची मुलगी अजून दाराशीच उभी आहे. तुम्ही नशीबवान आहात.

फर्स्ट क्लासबद्दल एकच सांगतो आणि सोडतो. गॅलिलिओने १६३२ च्या ग्रंथात भरती-ओहोटीचं कारण दिलं पृथ्वीच्या हालचालींचं : परातीतलं पाणी हिंदकळावं तसा समुद्र हिंदकळतो. केपलरसारख्या खगोलशास्त्रज्ञाने चंद्राचा पाण्यावर अंमल मानावा, हे त्याला पोरकट वाटलं. त्याच्या हिशेबाने दिवसातून एकच भरती यायला हवी होती. येतात दोन. आपल्याकडे कोकणात आणि कोळीवाड्यात कुणालाही विचारा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसाही आणि रात्रीही. चंद्राची तिथी आणि दिवसाच्या दोन भरत्या, दोन्ही त्या एका हिशेबात आल्या. पहाटेच्या गाडीत लगेजच्या डब्यात पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी गॅलिलिओला या एका वादात गप्प केलं असतं. म्हणून गॅलिलिओ लहान होत नाही. पण त्या वादात त्याच्या नावाचं वजन शून्य, एवढं तरी मानायला हवं.

आता काय करायचं ते. वाद सोडू नका. सकाळच्या फास्टमध्ये सासू, सेल आणि डाएट सोडून अकरा बायका शक्यतेच्या गणितावर भांडतात, हे वाचून मला काय वाटलं म्हणून सांगू! ते बंद पाडण्याचं पाप माझ्या माथी नको.

माफी मागा. 'बरोबर असून' वगैरे डोक्यातून काढून टाका, कारण माफी फुग्याची मागायचीच नाहीये. बाईंची माफी त्या एका वाक्याची. ते तुम्ही चारचौघींत बोललात, तेव्हा परतही चारचौघींतच घ्यावं लागेल; पुलावर गाठून कानात पुटपुटलेलं चालायचं नाही. त्यात शंभर बायकांचा हिशेब घालू नका. माफीला फिजिक्सची पुरवणी जोडली की माफी पातळ होते. हिशेबाचा कागद दुसऱ्या दिवशी काढा, आणि सुरुवात बाईंच्या उत्तरापासून करा. पेढ्यांचा पुडाबिडा आणू नका. जागेचं मात्र मनात धरू नका. कदाचित महिनाभर पर्स दुसरीच्याच वाट्याला जाईल. पंधरा वर्षं बसलात, महिनाभर कडीला लटकून बघा. डब्यातलं बरंच काही उभ्या माणसालाच दिसतं.

मुलीचं काम अवघड आहे, म्हणून ते आधी करा. ठाण्याला ती चढली की दाराशी जा, इयरफोन काढायला सांगा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, 'बेसिनाचं तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.' एवढंच. मग तिला विचारा, दोन्ही बेसिनांत नळ कुठल्या बाजूला आहे? पाणी आधी भरून ठेवून बूच काढलं तर काय होतं, आणि नळ चालू असताना काय होतं? अर्धा तास भरून ठेवून मग काढलं तर? हे तिने करून बघावं आणि मोजून लिहावं, तुम्ही नव्हे.

तिचा आकडा आला की मला जरूर कळवा, कारण मीही कामाला लागलोय. तुमचं पत्र आलं त्या रात्री मी घरातलं बेसिन सात वेळा भरून सोडलं. चार वेळा घड्याळाच्या उलट, तीन वेळा घड्याळाच्या दिशेने. आठव्यांदा नळ उघडला तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, उद्या दहा टक्के पाणीकपात आहे, ठाऊक आहे ना?